'जादुई' या विशेषणाविरुद्ध

१

साहित्यविचारात काही संज्ञा आकलनाची सोय म्हणून येतात आणि कालांतराने आकलनाचीच जागा घेतात. 'जादुई वास्तववाद' ही अशी संज्ञा आहे. एखाद्या कादंबरीत मेलेला माणूस बोलू लागला, मांजर माणसाशी संवाद करू लागले, कुणी भिंतीतून आरपार गेला, की आपल्याकडील अभ्यासक तिच्यावर हे नाव डकवून मोकळे होतात. पदव्युत्तर वर्गाच्या प्रश्नपत्रिकेत 'जादुई वास्तववादाची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा' असा प्रश्न येतो. विद्यार्थी पाच वैशिष्ट्ये लिहितो आणि प्रत्येकाखाली एकेक उदाहरण देतो. कोलंबिया, जपान, नायजेरिया आणि भारत असे चार देश एकाच परिच्छेदात येऊन जातात. इतिहास मात्र त्यांपैकी एकाही देशाचा येत नाही.

प्रस्तुत लेख या सवयीविरुद्ध आहे. त्यासाठी हारुकी मुराकामी यांची 'नेजिमाकी-दोरी कुरोनिकुरु' ही कादंबरी विचारात घेतली आहे. तिच्या नावाचे मराठी रूपांतर 'किल्लीच्या पक्ष्याची बखर' असे करता येईल. घड्याळाला किल्ली देताना होतो तसा आवाज काढणारा, कधीही न दिसणारा एक पक्षी तिच्यात आहे. तिचे पहिले दोन भाग १९९४ मध्ये आणि तिसरा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. जे रुबिन यांचे इंग्रजी भाषांतर १९९७ मध्ये आले. आपल्या वाचकांपर्यंत ती प्रामुख्याने या भाषांतरातून पोचली आणि 'जपानी जादुई वास्तववादाचा उत्कृष्ट नमुना' म्हणून पोचली. या वर्णनातील 'जादुई' हे विशेषण कादंबरीचा गाभा झाकते, असे माझे म्हणणे आहे. ही कादंबरी जपानने मांचुरियात केलेल्या साम्राज्यवादी कृत्यांची आणि ती कृत्ये विसरण्याच्या युद्धोत्तर कराराची कादंबरी आहे. तिच्यातील अद्‌भुत हे त्या विस्मरणावरील भाष्य आहे. ते बाजूला काढून त्याची वैशिष्ट्ये मोजणे म्हणजे साक्षीदाराची साक्ष न ऐकता त्याच्या आवाजाची तारीफ करणे होय.

२

आधी संज्ञेविषयी. फ्रान्झ रो या जर्मन कलासमीक्षकाने १९२५ मध्ये ती वापरली ती चित्रकलेसंबंधी, अभिव्यक्तिवादानंतरच्या वस्तुनिष्ठ चित्रांचे वर्णन करण्यासाठी. आलेहो कार्पेंतिएर या क्यूबन कादंबरीकाराने १९४९ मध्ये 'अद्‌भुत वास्तव' अशी कल्पना मांडली, तेव्हा त्याच्यासमोर हैती होते. गुलामांचे बंड आणि त्या बंडामागील श्रद्धा होत्या. लॅटिन अमेरिकेचा इतिहासच असा आहे की त्याचे यथातथ्य वर्णन अद्‌भुत वाटावे, असा त्याचा दावा होता. गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या १९६७ मधील सुप्रसिद्ध कादंबरीत केळीच्या मळ्यांतील मजुरांचे हत्याकांड घडते आणि दुसऱ्या दिवशी गावात ते कुणालाच आठवत नाही. हे विस्मरण कपोलकल्पित नाही. १९२८ मध्ये कोलंबियातील सिएनागा येथे सैन्याने संपकरी मजुरांवर गोळीबार केला आणि त्यातील मृतांचा खरा आकडा सत्तेने कधी समोर येऊ दिला नाही. म्हणजे ज्या कादंबरीमुळे ही संज्ञा जगभर गेली, तिच्यातही 'जादू' म्हणजे दडपलेल्या इतिहासाने घेतलेले रूप होते.

पुढे प्रकाशनव्यवसायाने आणि त्यामागून विद्यापीठीय अभ्यासाने या संज्ञेतील इतिहास काढून टाकला आणि तंत्र तेवढे ठेवले. मग ते तंत्र कोठेही आढळू लागले. कोठेही आढळणारी गोष्ट कशाचेच विशेष वर्णन करीत नाही, ही तर्कशास्त्रातील प्राथमिक बाब आपल्या समीक्षेने लक्षात घेतली नाही.

३

आता कादंबरीकडे वळू. तिचा वर्तमानकाळ १९८४-८५ चा आहे. तोरू ओकादा हा तिशीतील तरुण वकिलाच्या कचेरीतील नोकरी सोडून तोक्योच्या सेतागाया भागातील घरात बसून आहे. प्रथम त्याचे मांजर नाहीसे होते, मग पत्नी कुमिको. तिचा शोध घेताना त्याला विचित्र माणसे भेटतात. शेजारच्या ओसाड घराच्या आवारातील कोरड्या विहिरीत तो उतरून बसू लागतो आणि तिच्या भिंतीतून एका वेगळ्याच अंधाऱ्या जागेत जातो. बाहेर येतो तेव्हा त्याच्या गालावर एक निळसर डाग उमटलेला असतो. सारांश येथे थांबवला तर हे सारे स्वप्नसदृश आणि आधुनिकोत्तर वाटते. बहुतेक परीक्षणे येथेच थांबतात.

परंतु ही विहीर सेतागायात खोदलेली असली तरी तिचा तळ मंगोलियाच्या सीमेवर आहे. लेफ्टनंट मामिया नावाचा वृद्ध गृहस्थ एका मृत मित्राने ठेवलेली भेट पोचवण्यासाठी ओकादाकडे येतो. ती भेट म्हणजे एक रिकामे खोके निघते. त्या रिकाम्या खोक्यासोबत तो एक हकीकत ठेवून जातो. नोमोन्हानच्या लढाईपूर्वी हाल्हा नदीपलीकडे गुप्त कामगिरीवर गेलेल्या तुकडीत तो होता. त्यांच्यातील यामामोतो या गुप्तहेराची जिवंतपणी कातडी सोलली गेली. मामियाला वाळवंटातील कोरड्या विहिरीत टाकण्यात आले. दिवसातून काही क्षण तेथे सूर्यप्रकाशाचा लोळ उतरे, त्या प्रकाशात आपल्या आयुष्याचा अर्थ जळून गेला, असे तो सांगतो. युद्धानंतर तो शाळेत शिक्षक झाला. विद्यार्थ्यांना सामाजिक शास्त्रे शिकवणाऱ्या या माणसाने आपण काय पाहिले ते आयुष्यभर कुणाला सांगितले नाही. पुढील पत्रांतून तो सैबेरियातील श्रमछावणीची कथा सांगतो. सोव्हिएत संघाने १९४५ नंतर सुमारे सहा लाख जपानी युद्धकैद्यांना अशा छावण्यांत डांबले होते आणि त्यांतील पन्नास हजारांहून अधिक तेथेच मेले, हा इतिहास या पत्रांमागे आहे.

नोमोन्हान हे नाव आपल्या वाचकाला अपरिचित आहे. जपानने १९३१ मध्ये मांचुरियात आक्रमण केले आणि १९३२ मध्ये मांचुकुओ नावाचे बाहुले राज्य उभे केले. या राज्याच्या आणि सोव्हिएत प्रभावाखालील मंगोलियाच्या सीमेवर १९३९ च्या मे ते सप्टेंबरात मोठी लढाई झाली. जनरल झुकोव्ह यांच्या रणगाड्यांपुढे जपानची क्वांतुंग सेना अक्षरशः चिरडली गेली. खुद्द जपानी हिशेबानुसार मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे अठरा हजारांची हानी झाली. सेनापतींनी पराभव लपवला. जपानी भाषेत या लढाईला युद्ध म्हटले जात नाही. 'नोमोन्हान जिकेन' म्हणजे नोमोन्हानची घटना किंवा नोमोन्हान प्रकरण म्हटले जाते. मांचुरियावरील आक्रमणही 'घटना' आणि १९३७ नंतरचे चीनशी झालेले युद्धही बराच काळ 'घटना'. अठराशे सत्तावन्नला 'शिपायांचे बंड' म्हणावे की 'स्वातंत्र्यसमर', यावर ज्या समाजात आजही वाद होतो, त्या समाजातील वाचकाला नामकरणातील हे राजकारण सांगावे लागू नये.

मुराकामी १९९१ च्या प्रारंभी अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात गेले, तेव्हा आखाती युद्ध चालू होते. तेथील ग्रंथालयात नोमोन्हानविषयीची जपानी पुस्तके त्यांच्या हाती आली. पहिले दोन भाग प्रसिद्ध झाल्यावर, १९९४ च्या उन्हाळ्यात, ते स्वतः त्या रणभूमीवर जाऊन आले. गंजलेले रणगाडे आणि तोफगोळ्यांचे तुकडे तेथे अजून पडून होते. म्हणजे या कादंबरीमागे पुस्तकांचा अभ्यास आहे आणि भूमीचे दर्शनही आहे. ज्याला आपण कल्पनाविलास म्हणतो, त्याची ही सामग्री आहे.

४

विस्मरणाचा करार कसा चालतो, हे कादंबरीने नोबोरू वाताया या पात्रातून दाखवले आहे. हा कुमिकोचा भाऊ. अर्थशास्त्राचा अभ्यासक, दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय भाष्यकार आणि पुढे संसद सदस्य. त्याच्यात काहीतरी अमानुष आहे असे ओकादाला वाटते, पण ते काय आहे हे त्याला सांगता येत नाही. वाचकाला मात्र कादंबरी एक धागा देते. वातायाचा मतदारसंघ त्याच्या काकांकडून आलेला आहे आणि हे काका युद्धपूर्व काळात सैन्याच्या मुख्यालयात मांचुरियातील रसदपुरवठ्याचा अभ्यास करणारे अधिकारी होते. युद्धानंतर काही काळ सार्वजनिक जीवनातून दूर ठेवले गेलेले हे गृहस्थ पुढे निवडून आले आणि सत्तेत स्थिरावले.

जपानी वाचकाला येथे दुसरे कुणी आठवले नाही तरी नोबुसुके किशी नक्की आठवतात. १९३६ ते १९३९ या काळात मांचुकुओच्या औद्योगिक धोरणाची सूत्रे किशी यांच्याकडे होती. युद्धानंतर पहिल्या श्रेणीचे संशयित युद्धगुन्हेगार म्हणून ते तुरुंगात होते; १९४८ मध्ये खटला न चालता त्यांची सुटका झाली आणि १९५७ मध्ये ते पंतप्रधान झाले. कादंबरीतील काका म्हणजे किशी नव्हेत. परंतु मांचुरियात ज्यांनी माणसे आकड्यांत मोजली, तीच मंडळी पुन्हा राज्ययंत्रात आली आणि त्यांचा वारसा नव्या, सुशिक्षित, दूरचित्रवाणीवर शोभणाऱ्या चेहऱ्यांकडे गेला, हे विधान कादंबरीत आहे आणि ते वास्तववादी विधान आहे. ओकादा आणि वाताया यांचा झगडा स्वप्नातील अंधाऱ्या खोलीत होतो, कारण उजेडातील संस्थांत त्याची सुनावणी होण्याची सोयच नाही. साबुरो इएनागा या इतिहासकाराने पाठ्यपुस्तकांवरील सरकारी नियंत्रणाविरुद्ध १९६५ मध्ये पहिला दावा लावला. एकामागून एक लावलेल्या त्याच्या दाव्यांचा शेवट सर्वोच्च न्यायालयात १९९७ मध्ये झाला. मांचुरियात जिवंत माणसांवर प्रयोग करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या पथकाचा उल्लेख गाळायला लावणे बेकायदेशीर होते, एवढे मान्य होण्यास बत्तीस वर्षे लागली. ही कादंबरी त्या बत्तीस वर्षांच्या शेवटच्या टप्प्यात लिहिली गेली आहे.

कादंबरीचा वर्तमान १९८४-८५ चा का, याचेही उत्तर इतिहासातच आहे. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य मांचुरियात घुसले, तेव्हा तेथे सुमारे पंधरा लाख जपानी नागरिक होते. क्वांतुंग सेना त्यांना मागे टाकून हटली. पळापळीत जी मुले मागे राहिली ती चिनी कुटुंबांत वाढली. १९८१ पासून ही मुले, आता प्रौढ झालेली, आपले जन्मदाते शोधण्यासाठी सरकारी व्यवस्थेने गटागटाने जपानला येऊ लागली आणि त्यांचे चेहरे दूरचित्रवाणीवर दाखवले जाऊ लागले. संपन्नतेच्या ऐन भरात असलेल्या तोक्योत मांचुरिया असा घराघरांत येत होता. नाहीशा झालेल्या माणसाचा शोध हे या कादंबरीचे सूत्र त्या काळात निव्वळ कौटुंबिक राहू शकत नाही.

५

एक प्रसंग थोडा तपशिलात पाहू, कारण विशेषण काय झाकते ते त्यातून स्पष्ट होईल. ऑगस्ट १९४५. मांचुकुओची राजधानी शिनक्यो, म्हणजे आजचे चांगचुन. शत्रू जवळ आला आहे. तेथील प्राणिसंग्रहालयातील हिंस्र प्राणी मारून टाकण्याचा हुकूम होतो आणि सैनिक वाघ, बिबटे, लांडगे, अस्वले यांना गोळ्या घालतात. हत्ती मात्र त्यांच्या बंदुकांना आटोपण्यासारखे नसल्याने वाचतात. संग्रहालयाचा पशुवैद्य हे पाहत उभा आहे आणि त्याच्या गालावर निळसर डाग आहे, चाळीस वर्षांनंतर ओकादाच्या गालावर उमटणार आहे तसाच.

जपानी वाचकाच्या मनात हा प्रसंग वाचताना दुसरा एक प्रसंग जागा होतो. १९४३ मध्ये तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयातील प्राणी असेच मारले गेले. तेथील हत्तींना उपाशी ठेवण्यात आले. युद्धानंतर या हत्तींची गोष्ट बालसाहित्यात अजरामर झाली. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती वाचून डोळे पुसले. युद्ध वाईट असते, निष्पाप जीव मरतात, हा तिचा बोध. आणि त्या निष्पाप जीवांच्या रांगेत जपानी माणूस नकळत स्वतःला उभा करतो. मुराकामींनी ही परिचित करुणकथा उचलून वसाहतीत नेली. तेथे प्राण्यांनंतर माणसे येतात. सैनिक पुन्हा संग्रहालयात येतात तेव्हा त्यांच्याबरोबर बेसबॉलच्या गणवेशातील चिनी कैदी असतात. ते मांचुकुओच्या लष्करी शाळेतून पळालेले विद्यार्थी आहेत. त्यांना संगिनींनी भोसकले जाते आणि एकाला बेसबॉलच्या बॅटने डोके फोडून मारले जाते. हुकूम देणारा अधिकारी सभ्य आहे. बॅट चालवणाऱ्या तरुण सैनिकाला बॅट धरता येत नाही, म्हणून अधिकारी त्याला ती कशी फिरवावी ते शिकवतो. हत्तींसाठी रडण्याची सवय झालेल्या वाचकासमोर ही कृती ठेवण्यात जे धारिष्ट आहे, ते उएनोची कथा माहीत नसेल तर दिसणार नाही. पुढे ओकादाच्या हातीही बॅटच येते आणि तो ती चालवतो. हिंसा वारशाने येते, ती सज्जनाच्या हातालाही चुकत नाही, असा त्याचा अर्थ आहे. गालावरचा डाग ही त्या वारशाची खूण आहे. तिला 'जादुई घटक' म्हणून वहीत नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काय शिकवले, हा प्रश्न शिक्षकांनी स्वतःला विचारावा.

६

या अद्‌भुताची घडणही लॅटिन अमेरिकेतून आणलेली नाही. जपानी साहित्यात तिची स्वतःची परंपरा आहे. उएदा आकिनारीचा 'उगेत्सु मोनोगातारी' हा १७७६ मधील कथासंग्रह, कुनिओ यानागिता यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेले तोनो भागातील लोककथांचे संकलन आणि मांचुरियातील मुकदेन शहरात बालपण घालवलेल्या कोबो आबे यांच्या कादंबऱ्या ही तिची काही ठिकाणे आहेत. माझ्या मते या कादंबरीच्या रचनेशी सर्वांत जवळचे नाते आहे ते नो नाट्याचे. झेआमीने चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या संधिकालात सिद्ध केलेल्या प्रकारात एक वाटसरू, बहुधा भिक्षू, एखाद्या ठिकाणी येतो. तेथे त्याला सामान्य वाटणारी व्यक्ती भेटते. उत्तरार्धात ती मृतात्म्याच्या खऱ्या रूपात प्रकट होऊन आपली कथा सांगते. योद्ध्यांच्या नाटकांत ही कथा लढाईची असते. भिक्षू फारसे काही करीत नाही, तो ऐकतो. त्याच्या ऐकण्याने मृताला मुक्तीची वाट मिळते. 'आत्सुमोरी' या नाटकात हा ऐकणारा भिक्षू म्हणजे आत्सुमोरीला लढाईत मारणारा योद्धाच आहे, हे विशेष ध्यानात घ्यावे.

ओकादा हा तो भिक्षू आहे. 'हा नायक काहीच करीत नाही', असा आक्षेप अनेकांनी घेतला. पण ऐकणे हेच त्याचे काम आहे. मामिया, होंदा, पशुवैद्याची कन्या आणि तिचा मुका मुलगा सारे त्याला आपापली युद्धकथा सांगतात. पशुवैद्याचा हा मुका नातू संगणकावर आजोबांची कथा रचतो आणि त्या लेखनालाच 'किल्लीच्या पक्ष्याची बखर' असे नाव देतो. ती कितपत खरी, कितपत रचलेली, हे ओकादाला कळत नाही. बखर या शब्दाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही अडचण तत्काळ समजेल. जे प्रत्यक्ष पाहिले नाही आणि ज्यांनी पाहिले ते बोलले नाहीत, त्याची नोंद तिसऱ्या पिढीने कशी करायची, हा प्रश्न आहे. आत्सुमोरीच्या भिक्षूने स्वतः हत्या केली होती. ओकादाने केलेली नाही. तरी ऐकण्याची जबाबदारी त्याच्यावर आली आहे. परंपरेत केलेला हा बदलच कादंबरीचा नैतिक आशय आहे.

लेखकाच्या आयुष्यातही या प्रश्नाचे मूळ आहे. मुराकामींचे वडील चीनमध्ये सैनिक होते. एका चिनी कैद्याच्या शिरच्छेदाची हकीकत त्यांनी लहान मुलाला सांगितली होती. २०१९ मध्ये एका निबंधातून मुराकामींनी ती प्रकट केली. वडिलांच्या लष्करी सेवेचा तपशील शोधण्याची भीती आपल्याला किती वर्षे वाटत होती, हेही त्यात आहे. १९९४ च्या कादंबरीतील विहिरीचा पोहरा २०१९ मध्ये वर आला, असे म्हणता येईल. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार', अशी आपली म्हण आहे. येथे आडात सर्व काही होते. पोहरा सोडण्याची तयारी समीक्षेनेच दाखवली नाही.

७

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की मुराकामी हे मुळात अमेरिकाळलेले लेखक. त्यांच्यात जपानी इतिहास शोधणे व्यर्थ. जपानमध्येही त्यांच्या शैलीला 'लोण्याचा वास येतो' असे म्हटले जाई आणि केन्झाबुरो ओए यांनी त्यांच्या पिढीच्या लेखनाबद्दल तीव्र असमाधान व्यक्त केले होते. आपल्याकडील देशीवादी चर्चेतही असा सूर ओळखीचा आहे. परंतु तेच ओए ज्या निवडसमितीत होते तिने या कादंबरीला १९९६ मध्ये योमिउरी पारितोषिक दिले, हे विसरून चालणार नाही. देशीयता स्पॅगेटी शिजवण्याने नष्ट होत नाही आणि भात शिजवण्याने सिद्ध होत नाही. आपल्या समाजाच्या कोणत्या अपराधाला लेखक उत्तरदायी राहतो, यावर ती ठरते.

दुसरा आक्षेप असा की ऐतिहासिक प्रकरणे संख्येने थोडी आहेत. याचे उत्तर देताना भाषांतराचा मुद्दा येतो. इंग्रजी प्रकाशकाच्या पृष्ठमर्यादेमुळे रुबिन यांना सुमारे पंचवीस हजार शब्द गाळावे लागले. दुसऱ्या व तिसऱ्या भागांतील काही मजकूर गेला आणि काही प्रकरणांचा क्रम बदलला. जर्मन भाषांतर तर प्रथम या इंग्रजीवरूनच झाले. मूळ जपानीवरून नवे जर्मन भाषांतर येण्यास २०२० उजाडले. आपण ज्या संहितेच्या रचनेवर निर्णय देतो ती संहिताच संक्षिप्त आहे, हे आपल्या किती प्रबंधांत नमूद असते?

तिसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो माझाही आहे. या कादंबरीत बोलतात ते जपानी. मामियाला आवाज आहे, पशुवैद्याला आहे, बॅट चालवणाऱ्या सैनिकाचे मनही आपल्याला दिसते. बेसबॉलच्या गणवेशातील चिनी तरुणांना मात्र गणवेशावरील क्रमांकांपलीकडे नाव नाही, आणि स्वतःची कथा सांगण्याची संधी नाही. सर्वांत भयंकर अत्याचार करणारा खलपुरुष सोव्हिएत अधिकारी आहे आणि त्याचा बळी जपानी आहे. ज्याच्या भूमीवर हे सर्व घडले तो पार्श्वभूमीलाच राहतो. 'काफ्का ऑन द शोअर'विषयी योइची कोमोरी यांनी २००६ मध्ये सविस्तर टीका केली. युद्धस्मृतीचे रूपांतर सांत्वनात होते, असा तिचा रोख होता. तो येथेही अंशतः लागू पडतो. नो नाट्यात मृत बोलतो. येथे मारलेला बोलत नाही, मारणारा किंवा पाहणारा बोलतो. ही या कादंबरीची मर्यादा आहे आणि ती मोठी आहे. परंतु ही मर्यादा दिसण्यासाठीसुद्धा प्रथम मांचुरिया दिसावा लागतो. 'जादुई' हे विशेषण म्हणून दुहेरी नुकसान करते: त्यामुळे कादंबरीचे थोरपण कळत नाही आणि तिला योग्य तो दोषही देता येत नाही.

८

मांचुरिया आपल्याला सहजी दिसत नाही, याला आपल्या इतिहासातील कारण आहे. भारतीय मनात जपानची प्रतिमा आझाद हिंद सेनेच्या आठवणीने घडलेली आहे. तोक्यो खटल्यातील न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी १९४८ मध्ये सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्नमत दिले, याचा आपल्याला अभिमान असतो. पाल यांनी अत्याचार घडल्याचे नाकारले नव्हते, हा भाग मात्र आपण वगळतो. आणि २००५ मध्ये तोक्योच्या यासुकुनी मंदिरात त्यांचे स्मारक उभारणाऱ्यांनीही तो वगळला. याच इतिहासाचे दुसरे पान अगदी आपल्या घरचे आहे. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये, जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनच्या मदतीस पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते उत्तर चीनमधील जपानविरोधी सैन्यात राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच मृत्यू पावले. नोमोन्हानची लढाई झाली त्याच वर्षी कोटणीस जपानी आक्रमणाचे घाव शिवत होते. शांतारामबापूंचा १९४६ मधील चित्रपट आपल्याला आठवतो. पण ते घाव कुणी केले, हे मुराकामी वाचताना आठवत नाही. कादंबरीत जे चिनी बोलत नाहीत, त्यांच्या बाजूची एक साक्ष मराठी माणसाच्या चरित्रात नोंदलेली असताना मराठी समीक्षेने स्वप्ने आणि मांजरे मोजत बसावे, याला काय म्हणावे?

यावर उपाय अवघड नाहीत. परदेशी कादंबरी अभ्यासक्रमात लावताना तिच्या इतिहासाचे किमान एक प्रमाणभूत पुस्तक सोबत लावावे. भाषांतर संक्षिप्त असेल तर तसे विद्यार्थ्याला सांगावे. विद्यापीठांतून आणि खासगी वर्गांतून जपानी शिकणाऱ्या तरुणांकडून मूळ जपानीवरून मराठीत भाषांतरे करून घेण्याची योजना अकादम्यांनी आखावी. हायकू आपण आवडीने रुजवला, पण गद्यासाठी इंग्रजीचा वळसा अजून सुटलेला नाही. आणि प्रश्नपत्रिकेतून 'जादुई वास्तववादाची वैशिष्ट्ये' हा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी विद्यार्थ्याला एवढेच विचारावे: या कादंबरीतील कोणती गोष्ट घडून गेली होती, ती कुणी सांगितली नाही, आणि ती सांगण्यासाठी लेखकाला भिंतीतून का जावे लागले?